एका बाजूला एकच गाणं

चिंचपोकळी
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय कॅरिसा,

सप्रेम जय भीम.

तुझे ग्रँडपा मला “बस रे, अजून संपलं नाय” म्हणाले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, आधी खुशाली लिहितात. तर मी बरा आहे. पप्पा बरे, आईचा गुडघा दुखतो. तुझी खुशाली पर्लकडून कळते. बहीण तुझी, पण बातम्या मला देते.

गिरगावात तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तो कॉलेजच्या स्पर्धेसाठी. तुझा कीबोर्ड, माझे ड्रम. ग्रँडपांनी रेकॉर्ड लावली, त्यांच्या भावाने बोटीवर असताना लंडनहून आणलेली. मध्येच सगळं गप्प झालं. मी टाळ्या वाजवून उठलो आणि तू हसून हसून लाल झालीस.

“ही अख्खी बाजू एकच गाणं आहे, बाबा,” ग्रँडपा म्हणाले. “साठचं दशक संपत आलं तेव्हा तिकडची पोरं तीन मिनिटांच्या नाचाच्या गाण्यांना कंटाळली. कोणी चर्चचा ऑर्गन उचलला, कोणी बासरी, कोणी अख्खा ऑर्केस्ट्रा, आणि घातला गिटारच्या जोडीला. म्हणाले, रॉकमध्ये पण मोठी गोष्ट सांगता येते.”

वीस मिनिटांचं एकच गाणं ऐकलं, असं घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते ढोलकी आवळत होते. “वीस मिनिटं? हर्ष्या, आमच्या गायन पार्टीचा मुकाबला रात्री बसला की सकाळच्या चहाला सुटायचा. तुझे इंग्रज लवकर दमले.” मला राग आला होता. आता वाटतं, ग्रँडपा होते तोवर पप्पांना एकदा तुमच्याकडे आणायला हवं होतं. जमलं असतं दोघांचं.

स्पर्धेसाठी आपण रचलेला तसाच लांबलचक पीस कॉलेजच्या सरांनी पाच मिनिटांत बसवा म्हटलं. तू म्हणालीस, “पाच तर पाच, वाजवू तरी.” मी स्टिक्स फेकल्या, तुला भित्री म्हणालो, आणि कॉलेजही सोडलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच संध्याकाळी तुमच्या जिन्यात तुला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का.

तू गप्प राहिलीस. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी “कळलं” म्हणालो आणि खालचं दार आपटून निघालो. तू वरून हाक मारलीस म्हणे. मला ऐकू आली नाही.

आली होती.

लग्नासाठी तुझं आणि रॉयस्टनचं नाव चर्चमध्ये दोन रविवार पुकारलं. आज तिसरा. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात ना? मी हरकत घेणार होतो. शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. पर्लला सांगितलं तर म्हणाली, “ये, कर तमाशा. तिने पावसाळाभर तुझी वाट बघितली, माहितीये? आता ती खूश आहे. हे तरी पूर्ण ऐकून घे.”

ग्रँडपांची ती रेकॉर्ड माझ्याकडेच राहिली. मला वाजवायला प्लेअर कुठे? नुसती उजेडात धरून बघतो. मधल्या त्या शांततेच्या जागीही रेघ आहे, कॅरिसा. सुई तिथेही चालतच असते. हे मला जिन्यात कळायला हवं होतं.

आज फादर विचारतील आणि सगळे गप्प होतील. तेव्हा मागे वळून दाराकडे बघू नकोस. मी नसेन तिथे.

खालून पप्पा ओरडतायत, “हर्ष्या, ढोलकी मी उचलू का तू?” नायगावला कार्यक्रम आहे, त्यांच्या मागे मी वाजवणार. इस्त्रीचा शर्ट तोच घातलाय. रेकॉर्ड आणि हे पत्र आधी पर्लकडे देतो. रॉयस्टनला ती बाजू पूर्ण ऐकव. मध्येच उठला तर हस त्याला, पण जाऊ देऊ नकोस.

निघतो. दार ओढून घेतोय. या वेळी हळू.

तुझा ड्रमवाला होता तो,
हर्षवर्धन