टिपणांच्या ॲपमध्ये उपमुद्दा झालेले माझे सासरे

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक उद्याने विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला, जिन्याची डावी बाजू.

विषय : टिपणांचे ॲप निवडण्याच्या चाचणीत बागेच्या गोदामात जमा झालेले माझे सासरे परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपण जिन्यात दिलेला तोंडी आदेश. २) याच विषयावरील माझे चार अर्ज (अनुत्तरित).

महोदय,

मी बावीस वर्षे आपल्या विभागात भांडारपाल आहे. इतक्या वर्षांत माझ्या ताब्यातले एक खुरपेसुद्धा हरवलेले नाही. सासरे मात्र गेले, आणि तेही रीतसर यादीप्रमाणे गेले. म्हणून हा पाचवा अर्ज करणे भाग पडत आहे.

१. वह्या बंद करून सर्वांनी एकच ॲप वापरावे, त्यात लिहिलेले संगणक, मोबाईल आणि टॅबलेट या तिन्हींवर सारखेच दिसावे, असा आपला आदेश झाला. ॲप निवडण्यासाठी मुख्य माळी, टंकलेखिका बाई आणि मी अशी समिती नेमण्यात आली. तीन तिघाडा काम बिघाडा, हे मी तेव्हाच नम्रपणे सुचवले होते. माळ्यांना फोटोंचे ॲप हवे. त्यांनी त्यात पानांचे चारशे फोटो टाकले असून प्रत्येकाखाली फक्त 'हे बघा' असे लिहिले आहे. बाईंना रंगीत चिठ्ठ्यांचे ॲप आवडले. मला मुद्दा, त्याखाली उपमुद्दा, त्याखाली पोटमुद्दा अशी उतरंड रचता येणारे ॲप पसंत पडले. निवड होईपर्यंत टेम्पोवाल्यांनी माझ्या ॲपमधील यादीनुसार काम करावे आणि यादीत कोणी बदल करू नये, असेही आपण फर्मावले.

२. चाचणी खरीखुरी व्हावी या हेतूने मी घरची यादीही त्याच ॲपमध्ये लिहिली. येथे मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे कबूल करतो. भांडारातल्या सवयीने मी प्रत्येक ओळीत नग लिहितो. त्यामुळे 'बल्ब, नग २' याखाली 'सासरे, नग १' अशी ओळ होती. त्यांचा नवा चष्मा दुकानातून आणायचा होता, त्याची ती आठवण. चष्मा आणला, ओळ काढायची राहिली. एके दिवशी बोट घसरले आणि ती ओळ सरकून कार्यालयाच्या यादीत 'निरुपयोगी सामान, बागेच्या गोदामात हलवणे' या मुद्द्याखाली जाऊन बसली. वर मोडका झोका, खाली गवतावर फिरवायचे दोन गंजके रोलर, मध्ये सासरे.

३. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना आणि परिचारिका असलेली माझी पत्नी दवाखान्यात असताना टेम्पो घरी आला. संध्याकाळी मला पावती मिळाली : 'सासरे, नग १, स्थिती चालू, किरकोळ कुरकुर.'

४. मी तत्काळ मोबाईलवर ती ओळ पुसली. घरच्या टॅबलेटने ती परत आणली. टॅबलेटवर पुसली, तर कार्यालयाच्या संगणकाने आणली. असे अकरा वेळा झाले. मध्यंतरी ॲपने गोंधळून 'सासरे' आणि 'सासरे (दुसरी प्रत)' अशा दोन ओळी केल्या व टेम्पोवाले दुसरी प्रत न्यायला दारात हजर झाले. महोदय, एकच सासरे सांभाळताना नाकीनऊ येतात, दुसरे मी कुठून पैदा करू?

५. ॲपची निवड झाली की यादी मोकळी होईल, म्हणून मी मन मारून माळ्यांच्या फोटोंच्या ॲपला मत दिले. नेमके त्याच दिवशी माळ्यांना माझे ॲप पटले आणि त्यांनी त्याला मत दिले. मग मी परत फिरलो, तर तेही फिरले. बाई जागच्या हलल्या नाहीत. आजमितीस विभागात तीन ॲप चालू आहेत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

६. सासरे तीस वर्षे लोकांना मोटार शिकवत होते. गोदामाच्या रखवालदाराच्या खोलीत त्यांनी बस्तान बसवले असून दिवसभर ते बागेतल्या चालणाऱ्यांना डाव्या बाजूने चालायला लावतात. घसरगुंडीकडे वळताना पोरे आता हात दाखवून वळतात. बागेतील भांडणे थांबल्यामुळे माळ्यांनी ॲपमध्ये त्यांचा फोटो टाकून खाली 'उपयुक्त, परत करू नये' असा शेरा मारला. इकडे पत्नीने, बाबांना घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असे मला बजावले आहे. पंधरा दिवस माझा मुक्काम भांडारात, पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यांशेजारी आहे. खरे सांगतो, साहेब, मला करमत नाही. मी गाडी मागे घेताना ते खिडकीतून "अहो, ब्रेक!" म्हणून ओरडायचे, तेव्हा माझे डोके फिरायचे. गेल्या आठवड्यात मी दोनदा भिंतीला धडकलो.

७. आज सकाळी मी फाटकावर सामान सोडण्याचा पास घेऊन गेलो. रखवालदार हसायलाच लागला. आजोबा रोज बाहेर जाऊन चहा पिऊन, पेपर घेऊन परत येतात, स्वतःच्या पायांनी जाणाऱ्याला कसला आलाय पास, असे त्याचे म्हणणे पडले. मी चक्रावून सासऱ्यांना विचारले, की मग आपण घरी का आला नाहीत? तेव्हा त्यांनी सांगितले, की त्या दिवशी टॅबलेट टेबलावर उघडाच होता. नवा चष्मा लावून त्यांनी सगळी यादी वाचली. "म्हटलं, तोंडावर बोलायचा संकोच वाटला असेल जावईबापूंना. लिहून मोकळे झाले. मग उगाच कशाला ताटकळत ठेवायचं, पिशवी भरून बसलो दारात."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी तिथेच त्यांना मुद्दा, उपमुद्दा, घसरलेले बोट, तिन्ही साधने, सगळे समजावून सांगितले. आपणाकडे चार अर्ज केल्याचेही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की ते चारही अर्ज साहेबांना, मग मला कोणी सांगायचं?

महोदय, मी फक्त "बाबा, घरी चला" म्हणालो. ते लगेच उठले.

तरी विनंती, की ॲप आपणास रुचेल ते निवडावे, त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मला आज दुपारनंतरची अर्धी रजा तेवढी मंजूर व्हावी. सासरे खाली जिन्यापाशी पिशवी घेऊन उभे आहेत, आणि आपली सही होईपर्यंत मी वर थांबलो, तर ते मला पुन्हा काही विचारतील.

आपला नम्र, आणि आपल्या सहीची वाट पाहत दारात उभा असलेला,

(सही)
भांडारपाल

दिनांक : आजचाच, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

सोबत : गोदामाची पावती, मूळ प्रत. परत नको.