शेवटच्या खोलीचा नळ

प्रिय दादा,

आज पहिली पाळी करून वहिनीकडे गेलो. पाय धुवायला नळ सोडला, तर नुसता फुस्स आवाज आला आणि चार थेंब पडले. अंगात लिहायचंही त्राण नाही, पण हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

तुझ्या वर्षश्राद्धाला चाळीतल्या लोकांनी तुझी आठवण म्हणून काय केलं, ठाऊक आहे? टाकीपासून चाळीपर्यंत तू घातलेला जाड पाइप उपटला आणि त्या जागी बारीक पाइप घातला! का, तर कारखान्याच्या बागेत तू रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचास आणि पाणी पार कुंपणापल्याड उडायचं. दादांची युक्ती, म्हणे. तोंड बारीक केलं की पाणी पळतं, मग अख्खा पाइपच बारीक केला तर केवढं पळेल!

तू असतास तर कपाळावर हात मारून घेतला असतास. पिंपरीच्या माळावर आपण दोघं पाइप जोडत होतो, तेव्हा किती वेळा सांगितलंस मला. चिंचोळ्या जागी पाणी पळतं खरं, पण तिथं त्याचा दाब उतरतो. म्हणून अंगठा ठेवायचा तो शेवटी, तोंडाशी. वाटभर चिंचोळं केलं तर पाणी पाइपला घासत घासत जातं, आणि पाळी करून आलेल्या माझ्यासारखं, घरी पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही.

सुरुवातीच्या खोल्यांचं भागतंय. शेवटची खोली तुमची! वहिनी सकाळी नळाखाली हंडा लावते, तो दुपारपर्यंत भरत नाही. मग कमरेत उसण भरलेली असताना विहिरीवर जाते. शेजारणींनी विचारलं तर सांगते, येतंय की पाणी.

मी म्हटलं, पाइप बदलून टाकतो. तर म्हणाली, “भाऊजी, लोकांनी त्यांच्या नावानं घातलाय. माज्या तोंडानं न्हाई कसं म्हनू?”

राग आला रे. तिचा नाही, तुझा. काय गरज होती बागेत तो खेळ दाखवायची? लोक वाहवा करायचे आणि तू फुगायचास. अंगठा तोंडाशीच का, हे मात्र कुणाला सांगितलं नाहीस, फक्त मला. आता चाळभर ते मी समजावत फिरू? दमलोय दादा. तू गेल्यापासून सगळं मलाच समजवावं लागतं.

तरी रविवारी सुट्टी आहे. तुझा जाड पाइप टाकीमागे पडलाय, अजून चांगला आहे. तोच परत घालणार. भावानंच भावाची आठवण उखडली म्हणतील, म्हणू देत. वहिनीला आधी विचारणारही नाही, विचारलं तर तिला नको म्हणावं लागेल. हंडा नळाखाली ठेव, एवढंच सांगेन. आणि तो भरून वाहीपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझा धाकटा,
किसन