भट्टीचा तिसरा हिस्सा

मी, बदरुन्निसा इब्राहिम मुकादम, वय एकाहत्तर, धंदा बेकरी, राहणार बाजारपेठ, मालवण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज लागत नाही, असे वकीलबाई नम्रता पेडणेकर म्हणाल्या. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला आले होते, त्यांना चहा-टोस्ट देऊन वाटेला लावले.

१. माझी मिळकत एकच: रस्त्याकडे दुकान, मधे माझ्या मरहूम पतींनी बांधलेली भट्टी, मागे राहते घर. वारस दोन. मुलगा अतहर मस्कतला नोकरी करतो, मुलगी अलीजा पनवेलला सासरी. दोघेही गुणी आहेत. पण भट्टीत दोघांचेही मन नाही, आणि शेजारच्या लॉजवाल्याला आमची जागा पार्किंगसाठी हवी आहे.

२. माझी इच्छा अशी की बेकरी सत्यवान तोंडवळकर आणि त्याची बायको रसिका यांना मिळावी. सत्यवान मिसरूड फुटल्यापासून माझ्याकडे पीठ मळतो. रसिकाने नाचणीचे टोस्ट काढले, ते आता पर्यटक गाडी थांबवून मागतात. धंदा मेलेला नाही, वाढतो आहे. मरते आहे ती मी. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

३. परंतु आम्हां मुसलमानांच्या कायद्याप्रमाणे वारस नसलेल्याला मृत्युपत्राने मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देता येत नाही. रस्त्याकडची जागा आता सोन्याच्या भावाची. त्यामुळे तिसऱ्या हिश्श्यात भट्टी तेवढी बसली. दुकान नाही, रस्त्यावर यायला वाट नाही. "मग पाव काय कौलांवरून फेकायचे?" मी वकीलबाईंना विचारले. बाई चांगली आहे, कायदा काही तिने केलेला नाही.

४. हयातीतच बक्षीस देऊन टाका, हाही मार्ग निघाला. त्यासाठी मी आजच ताबा सोडायला हवा. मी तयार होते. सत्यवान ऐकेना. "चाची, तू जिती असताना मी मालक होऊ? गावात तोंड खंय दाखवू?" मी ओरडले, "अरे मेल्या, मी गेल्यावर तुका हयसर कोण ठेवतलो?" तर डोळे पुसत पीठ मळायला गेला. त्याच्या या चांगुलपणाचा मला भयंकर राग येतो, तो येथे नोंदवून ठेवते.

५. चतुर्थीच्या आणि ईदच्या आधी बायका घरचे तूप, रवा, साखर घेऊन येतात, इथेच मळतात आणि आमच्या भट्टीत नानकटाई भाजून नेतात. भट्टी ज्याच्या हाती जाईल त्याने ही रीत मोडू नये. त्या दिवसांत बाजारातली प्रत्येक बातमी मला आधी कळते.

६. एका मंडळाने "स्थानिक उद्योजक" म्हणून माझा सत्कार केला. "आपल्या गावचे धंदे टिकले पाहिजेत," असे हॉटेलवाले दत्तप्रसाद बोल बोल बोलले, आणि चहाबरोबर कंपनीची पाकिटातली बिस्किटे फिरवली. त्यांच्या हॉटेलात पावसुद्धा घाटावरून टेम्पोने येतो. सत्काराची शाल त्यांना द्यावी. त्यांच्या एसीत उपयोगी पडेल.

७. राहिली वारसांची संमती. दोघांनी हो म्हटले तर दुकानासकट अख्खी बेकरी सत्यवानला जाते. मी अतहरला फोन लावला. "हो म्हणतंय मा आई, रडतंस कित्याक?" म्हणाला. अलीजाही हो म्हणाली. मी धावतपळत वकीलबाईंकडे गेले, म्हटले घ्या लिहून. त्या म्हणाल्या, "चाची, आत्ताची संमती धरत नाहीत. तुमच्या मागे दिली तरच ती खरी." म्हणजे जे 'हो' कामाचे, ते ऐकायला मी नसणार. इतकी वर्षे अख्ख्या बाजाराला दमात घेतले, आणि इथे माझे काही चालत नाही.

बाळांनो, कबरस्तानातून परत याल तेव्हा भट्टी पेटलेली असेल. सत्यवानला तशी ताकीद दिली आहे. आधी गरम पाव खा. मग त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणा.

सही: बदरुन्निसा इब्राहिम मुकादम

साक्षीदार:
१. सीता मेस्त, मासेविक्री, मालवण
२. महंमद होडेकर, किराणा दुकान, मालवण

ठिकाण: मालवण
दिनांक: २० नोव्हेंबर २०२४