मोरीकडची भिंत

आई, काल मोरीकडची भिंत पाडली. बाकीचं घर बघता बघता भुईसपाट झालं, पण तो कोपरा काही केल्या हलेना. मशीनवाला वैतागून खाली उतरला आणि बघतो तर मातीतून लोखंडी रुळांची टोकं वर आलेली. "मॅडम, इथून रेल्वे जात होती का?" त्यानं मला विचारलं. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. म्हटलं, नाही हो, ते आमच्या घराचे पाय आहेत. आता तिथे मोठी इमारत होणार आहे. गंगापूर रोडच्या आपल्या बाजूला बंगला म्हणून आता फारसं कुणाचं उरलेलं नाही, आणि मलाही एकटीला ते घर झेपत नव्हतं. घर गेल्याचं दुःख आहेच, पण त्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. त्या खड्ड्यात मी जे बघितलं ते तुला सांगायचं आहे. तू असताना कुणीतरी सांगायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. येवल्याकडून मामाचं पत्र आलं की तू हातातलं काम ठेवायची नाहीस, फक्त स्टोव्ह बारीक करायचीस आणि म्हणायचीस, "हं, लाव." मी वाचायला लागायचे. वाचता वाचता माझे डोळे चार ओळी पुढे धावत असायचे, आणि पुढे काही वाईट असलं, मामी अंथरुणाला खिळली आहे किंवा कांदा सडला, तर ती ओळ मी अलगद ओलांडून जायचे. मग "सर्वांना जयभीम" म्हणून कागदाची घडी घालायचे. तू पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारून म्हणायचीस, "एवढंच? कागद तर भरलाय." मी सांगायचे, मामाचं अक्षर मोठं आहे. तू मान डोलवायचीस. तुला ते पटत नव्हतं हे मला कळायचं, पण तू दुसऱ्यांदा कधी विचारलं नाहीस.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात नानांनी प्लॉट घेतला. नाना पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून, कागद वाचून, पारखून सही करणारा माणूस. तरी प्लॉट मिळाला तो पार शेवटचा, उताराच्या टोकाचा. रस्त्यालगतचे सगळे प्लॉट गेले, असं विकणाऱ्यानं सांगितलं, आणि सांगितलं ते आपलं आडनाव विचारून झाल्यावर. ते गेलेले प्लॉट पुढे वर्षभर रिकामे पडून होते. त्यांत शेळ्या चरायच्या. नाना त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. तू मात्र एकदा म्हणालीस, "शेळ्यांनी आधी पैसे भरले आसतील." मेणबत्त्या लावून, वंदना घेऊन, खीर वाटून आपण त्या घरात राहायला गेलो. सगळे पाहुणे पुढच्या खोलीत बसलेले असताना तू मोरीत एकटी उभी होतीस. नळ सोडत होतीस, बंद करत होतीस, पुन्हा सोडत होतीस. मी आले तशी ओशाळलीस आणि म्हणालीस, "येतंय का नीट, ते पाहाते." तुझ्या लहानपणी गावच्या विहिरीला आपल्या माणसांनी हात लावायचा नाही. घडा घेऊन लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. उन्हात उभं राहून पाय पोळायचे, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही तांदूळ निवडताना, सहज बोलल्यासारखं.

म्हणून तू पाणी वाया जाऊ देत नव्हतीस. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपडे खळबळलेलं, सगळं पाणी मोरीच्या भोकातून भिंतीपलीकडे जायचं आणि तिथे तू केळी लावल्या होत्यास. केळींच्या बुडाशी अळू. नाना म्हणायचे, शोषखड्डा करू, पाईप टाकून लांब नेऊ. तू फणकारायचीस, "घरातलं पानी घरचं झाड सोडून कुठं लांब न्यायचं? पानी काय उतू चाललंय का?" त्या केळी अशा माजल्या की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसेना. आळीतल्या प्रत्येक घरात तू फण्या वाटल्यास. आधी आपल्या घरचा चहा न घेणाऱ्या समोरच्या बाईही केळी मात्र पदरात घ्यायला लागल्या. ती तुझी बाग नव्हती, आई, तुझा मोठेपणा होता. मला तेव्हा तो थोडा मिरवल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, मिरवलास ते बरं केलंस.

मग भिंतीला भेग पडली. उन्हाळ्यात ती उघडायची, पावसाळ्यात मिटायची. दिवाळीच्या रंगाला मिटलेली असल्यामुळे रंगारी म्हणायचा, काही नाही, केसाएवढी आहे. मे महिन्यात तिच्यात माझं बोट जायचं. नाना दर मे महिन्यात सिमेंट भरायचे, आणि पावसात माती फुगली की तेच सिमेंट भिंतीला आतून ढकलायचं. दर वर्षी भेग थोडी वर चढत गेली. पुढेपुढे वाटाण्याच्या शेंगा सोलताना खाली पडलेला दाणा आपोआप मोरीकडे घरंगळत जायचा. स्वयंपाकघराचं दार लागेना म्हणून सुतारानं खालून रंधलं, मग वरून रंधलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी वास्तुशांत केली नव्हती ना, म्हणून असं होतं." तू त्यांना हसून म्हणालीस, "घर गवंड्यानं बांधलंय, बाई. देव कशाला येईल पाया धरायला?" त्या गेल्यावर मात्र तू बराच वेळ त्या भेगेसमोर उभी होतीस. पाठीमागे हात बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

एका उन्हाळ्यात नानांनी इगतपुरीहून मिस्त्री आणला. त्यानं घाटात रेल्वेच्या पुलांवर कामं केली होती. तो घराला एक फेरी मारून आला, केळींपाशी थांबला, पायातली वहाण काढून ती माती दाबून पाहिली. तू त्याच्यासाठी चहा घेऊन दारात आली होतीस. तो नानांना म्हणाला, "साहेब, हे पानी मुरलंय. सगळी मोरी घराच्या पायात गेलीय तुमच्या. ह्या केळींनी घर खाल्लं." तू चहा दिलास, आत गेलीस, कोयता घेऊन बाहेर आलीस आणि एकेक केळ तोडायला लागलीस. त्यातल्या एकीला घड लागलेला होता. मी म्हटलं, आई, हिला तरी राहू दे, पिकू दे. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "नाय," म्हणालीस, "माह्या हातानं लावली, माह्या हातानं जाऊ दे."

काम सुरू व्हायच्या आधी नानांनी तुला आणि मला मामाकडे पाठवून दिलं. धूळ होईल, तुला खोकला आहे, असं म्हणाले. आपण परत आलो तोवर बहुतेक खड्डे बुजले होते. एकच उघडा होता, पुढच्या खोलीकडचा, आणि तिथे मुरूम वरच लागला होता. मिस्त्रीनं मला काम समजावून सांगितलं. एक खड्डा सोडून एक खणायचा, शेजारशेजारचे दोन एकदम खणले तर भिंत अंगावर येते. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं, तळाला काँक्रीट घालायचं, त्यावर भंगारातून आणलेले रुळांचे तुकडे उभे करायचे, आणि वर पायाखाली जॅक लावून भिंतीचा भार हळूहळू त्या रुळांवर घ्यायचा. जॅकचा दांडा फिरला की भिंत करकरायची. नाना डोळे मिटून घ्यायचे. मी विचारलं, भेग मिटेल का? "मिटवायची नसती ताई, थांबवायची असती," मिस्त्री म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, नानांशी बोलत होता, पण तुझ्याकडे एकदाही वर मान करून बघत नव्हता. तू त्याला विचारलंस, "भाऊ, आता तर नाय ना खचणार? मी थेंब पडू देणार नाय." तो म्हणाला, नाही खचणार, आणि त्यानं नानांकडे बघितलं. मला वाटलं, भिडस्त माणूस आहे.

मोरीचं पाणी लांब नेणारा पाईप नानांनी घातला, पण तुझा त्यावर विश्वास बसला नाही. तू भोकाला चिंधी कोंबलीस. भांड्यांचं, कपड्यांचं, अंघोळीचंसुद्धा पाणी बादलीत धरून तू रस्त्यापलीकडच्या गटारात नेऊन ओतायला लागलीस. आम्ही रागावलो, विनवण्या केल्या. नाना नुसते म्हणायचे, "अगं राहू दे," आणि पेपर डोळ्यांसमोर धरायचे. पाणी वाया घालवायचं नाही म्हणणारी तू पाणी फेकून देत होतीस आणि फेकताना तोंड फिरवत होतीस. पुन्हा तू एक रोप लावलं नाहीस. कुणी केळी आणली तर खाल्ली नाहीस. श्रावणातल्या एका सकाळी त्याच गटाराच्या कडेला शेवाळावरून तुझा पाय घसरला. खुबा मोडला. त्यानंतर तू उठली नाहीस. पडल्या पडल्या विचारायचीस, "भेग वाढली का गं?" मी म्हणायचे, नाही. खरंच वाढली नव्हती. रूळ पक्के बसले होते. थंडी सुरू झाली आणि तू गेलीस.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी मोरीच्या भिंतीपलीकडे माझ्या लेकीला घेऊन उभी होते. इथे आजीच्या केळी होत्या, म्हणून तर घर खचलं, असं तिला गमतीनं सांगत होते. नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पाण्यानं नव्हतं. नाला होता खाली. बुजवलेला." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मोरीकडचा पहिला खड्डा खणला तेव्हा मुरूम लागेचना. लागली ती राख, खापरं, फुटक्या बरण्या, चिंध्या, चपलांचे तुकडे. विकणाऱ्यानं नाल्यात गावचा कचरा भरून, वर काळी माती पसरून तो प्लॉट आपल्याला दिला होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, बाईंना सांगा, त्यांचा काही दोष नव्हता, मी उगाच बोलून गेलो." नाना त्याला म्हणाले, नको. मी विचारलं, का? "तिला काय सांगू?" नाना म्हणाले. "उकिरड्यावर आणून बसवलं तुला, हे सांगू? गावातही तेच, इथेही तेच? त्यापेक्षा केळी बऱ्या होत्या."

मला राग आला, आई. अजून आहे. त्यांची लाज मला कळते. फसवलं त्या विकणाऱ्यानं आणि मान खाली गेली नानांची, हेही कळतं. पण त्यांनी ती लाज स्वतःजवळ ठेवली नाही, तुझ्या डोक्यावर बादली करून दिली, आणि तू ती वाहत राहिलीस. मी त्यांच्याशी भांडले नाही. ते म्हातारे झाले होते. त्यांना जेवायला वाढत राहिले, औषधं देत राहिले, आणि मनातून माफ केलं नाही.

काल ते सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं. रुळांच्या भोवती ती राख अजून तशीच होती, काळी, भुसभुशीत. एक बरणीचा कान दिसला, मुलाच्या चपलेचा तळ दिसला. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "बघ, तुझं पाणी नव्हतं." बिल्डरचा इंजिनियर जवळच होता. तो बिचारा घाबरला. मग मी त्याला सगळं विचारलं, मोरी, केळी, नाला, सगळं. मला वाटलं होतं, तो माझी बाजू घेईल. त्यानं नीट विचार करून सांगितलं की भराव वाईटच होता, कधी ना कधी बसलाच असता, पण त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरलं म्हणून इतक्या लवकर बसला. पाणी नसतं तर तुमच्या आईबाबांच्या हयातीत कदाचित काही झालंही नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण समजा तू स्टोव्ह बारीक करून "हं, लाव" म्हणाली असतीस, तर मी तुला सगळं वाचून दाखवलं असतं. नाला, राख, नानांची लाज, सगळं. त्या इंजिनियरचं बोलणं तेवढं ओलांडलं असतं, आणि घडी घातली असती. तू कपाळावरचे केस मागे सारले असतेस आणि म्हणाली असतीस, "एवढंच? कागद तर भरलाय."