निळा फ्रॉक, डागासकट

मी, खाली सही करणारी, वय तेवीस, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक जण बरे होऊन घरी जातात. मी उरलेल्यांचा विचार करून लिहिते आहे.

१. पदवीचं प्रमाणपत्र आईला. ते तिने आधीच फ्रेम करून पंख्याच्या बटणांशेजारी टांगलं आहे. हे कलम म्हणजे त्याला माझी संमती.

२. पुस्तकं, सायकल आणि टेबलाची खिडकीकडची बाजू धाकटीला.

३. "शिकून काय दिवे लावणार?" असं विचारणाऱ्या आत्याला माझा टेबललॅम्प. बल्ब चालू आहे.

४. निळा फ्रॉक बाबांना. ट्रंकेत तळाशी आहे.

बाबा बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून डाग काढायची पावडर विकतात. लहानपणी मी गर्दीतली अनोळखी मुलगी व्हायचे. बाबांचा हात चुकल्यासारखा व्हायचा, माझ्या फ्रॉकवर शाई सांडायची आणि मी रडत म्हणायचे, "काका, आई मारेल मला." ती शाई नुसत्या पाण्यानेही जायची. बाबा पावडर चोळायचे, डाग गायब.

बारा वर्षांची असताना एकदा बाबांची शाईची बाटली रिकामी दिसली, म्हणून मी तिच्यात माझ्या पेनाची पक्की शाई भरून ठेवली. मदत म्हणून. डाग गेला नाही. कोणीतरी विचारलं, "कोणाची हो ही पोर?"

बाबा म्हणाले, "काय माहीत."

घरी येताना मी त्यांच्या वीस पावलं मागून चालले. पुन्हा तो खेळ केला नाही आणि हा विषयही काढला नाही.

कॉलेजात दाखवलेल्या एका सिनेमात विक्रेता आरशासमोर हसण्याचा सराव करतो. सगळे हसले. मला दाढी करताना पुटपुटणारे बाबा आठवले. खोटं सांगून विकू नये, हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या दिवशी ते "माझी" म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी टेबल मांडता आलं नसतं आणि माझी शाळाही सुटली असती. तेव्हा फ्रॉक डागासकट द्यावा. राग मी मागे ठेवत नाही.

५. (आज दुपारी वाढवलेलं.) दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. बाबा डबा घेऊन आले होते. म्हणाले, "आण इकडे, मी करतो सही. अनोळखी माणूस म्हणून. जमतं मला."

"ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष करायची नसते, बाबा."

"मला काय देतेस तू?"

मी कलम चार वाचून दाखवलं. ते बराच वेळ डब्याचं झाकण उघडत-लावत बसले. मग उठले आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे वळून, बाजारातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आजी, जरा सही कराल? माझ्या मुलीच्या कागदावर."

सगळा वॉर्ड बघायला लागला. बाबा खाली बसले नाहीत.

"माझी मुलगी आहे ही," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

साक्षीदार: १. दिवसपाळीच्या नर्सबाई. २. खाट क्रमांक आठच्या आजी (चष्मा घरी राहिला, मजकूर बाबांनी वाचून दाखवला, कलम चार दोनदा).

स्थळ: खाट क्रमांक सात. दिनांक: ११ मार्च.

सही: माझी. पेन वडिलांचं.