वहिनींचा गुरुवार

प्रिय वहिनी,

सोमवारी कॉलनीच्या फळ्यावर नोटीस लागली. रविवारी सभा आहे आणि विषय एकच, वाचनालयाची खोली कुरिअरवाल्याला भाड्याने द्यायची. खाली एक ओळ मी भांडून घालायला लावली: आठवड्याचे सात वार सांभाळायला सात घरं पुढे आली, तर वाचनालय राहील. तेव्हापासून मी दारोदार फिरतोय. आज शेवटचं दार वाजवून आलो, आणि काय झालं ते सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत चार ओळी लिहिल्या नाहीत. लिहायला बसलो असतो तर माफी मागावी लागली असती, आणि तेच मी टाळत होतो.

पाण्याच्या टाकीमागची ती खोली तुम्ही मागून घेतलीत, तेव्हा मी कॉलेजात होतो, तुमच्याच घरी राहून तुमच्याच हातचं जेवत होतो. सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची आपली कॉलनी. इथे वाचनालय चालायचं कसं, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, वर्गणी ठेवायची नाही. वर्गणी म्हटलं की निम्म्या बायका नवऱ्याला विचारायला जातील, आणि गेल्या त्या गेल्याच." त्याऐवजी तुम्ही वार वाटून दिलेत. सात घरं, सात वार. ज्या घराचा वार त्या घराने संध्याकाळी दोन तास खोली उघडायची, झाडून घ्यायची, पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि जाताना किल्ली दुसऱ्या दिवशीच्या घरी पोचवायची. दिवाळीत प्रत्येक घराने वेगळा दिवाळी अंक विकत घ्यायचा आणि घरात फिरून झाला की इथे आणून ठेवायचा. कुणी कोणता घ्यायचा यावरून केवढी भांडणं व्हायची! राशिभविष्याचा अंक मात्र सगळ्यांनाच हवा असायचा.

गुरुवार तुमचा. टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही मेथी निवडत बसायचात आणि कुणी पुस्तक परत केलं की शेवट कसा वाटला ते विचारल्याशिवाय सोडायचा नाहीत. शनिवार पगारेबाबांचा. त्यांना नीट वाचता येत नव्हतं. वहीत पुस्तकाचं नाव ते चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायचे, आणि तरी एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

मग मी शिकलो, कंपनीत वर चढत गेलो, आणि समाजकार्याचा निधी माझ्या टेबलावरून जायला लागला. मला वाटलं, आता वहिनींच्या वाचनालयाचं भलं करू. नवी फरशी आली, काचेची कपाटं आली, संगणक आला, पगारी ग्रंथपाल आली. उद्घाटनाच्या भाषणात मी छाती फुगवून सांगितलं, "आजपासून कुणालाही वार सांभाळायची गरज नाही." टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होतात. कार्यक्रम संपल्यावर फक्त एवढंच विचारलंत, "भाऊजी, हे पैसे थांबले तर?"

"तुम्ही आधी वाईटच का बघता, वहिनी?" असं म्हणून मी हसलो. तुम्ही पुढे काहीच बोलला नाहीत. मी बाजारातून किडकी वांगी आणली तर तासभर ऐकवणाऱ्या तुम्ही, नेमक्या तिथे गप्प का बसलात? माझ्या सुटाबुटाची भीड वाटली का? मला दोन शब्द सुनावले असतेत तर मी तुमचं ऐकलं असतं. खरं सांगू? बहुतेक नसतंच ऐकलं.

गेल्या वर्षी कंपनीत नवे साहेब आले. त्यांना झाडं लावायची होती. निधी तिकडे गेला, ग्रंथपालाची नोकरी गेली, खोलीला कुलूप लागलं. कामाचा शेवटचा अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य आहे: "लोकांना वाचनाची आवड न राहिल्याने उपक्रम थांबवावा लागला." त्याखाली माझी सही आहे. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

परवा दादाकडे गेलो होतो. तो हल्ली फारसा बोलत नाही. मी नोटिशीचं सांगितलं, तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "उद्घाटन झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी ती गेली होती रे तिकडे. मेथीची पिशवी घेऊन."

मला हे माहीतच नव्हतं.

"त्या ग्रंथपाल मुलीने विचारलं, आजी, तुमचा सभासद क्रमांक काय? हिच्याकडे कुठला असणार? मग ती मुलगी म्हणाली, भाजी आत आणता येत नाही, बाहेर बोर्ड लावलाय. ही घरी आली, इथेच बसून भाजी निवडली. परत काही गेली नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलंस?" दादा म्हणाला.

त्या मुलीला मी काय बोलू? ती भली होती, तिला जे नेमून दिलं ते ती करत होती. तो नियमांचा बोर्ड मी लिहिला होता, वहिनी. त्यावरची पाचवी ओळ, भाजी आत आणू नये, माझीच.

पगारेबाबांकडे आज गेलो. पूर्वी मला दिनू म्हणायचे, आता साहेब म्हणतात. चहा दिला, पण शनिवार घ्यायला तयार झाले नाहीत. "साहेब, तेव्हा घरात पोरं म्हणायची, आज आपला वार हाय. मी दुपारपासून चांगले कपडे काढून ठेवायचो. तुम्ही माईकवर बोलले, आता गरज नाय. लय दिवस वाईट वाटलं. मंग आमी पण शिकून घेतलं, गरज नाय म्हणून."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाच घरांनी अशीच काही ना काही कारणं सांगितली. जाधवांच्या सुनेने तेवढा मंगळवार घेतला. आणि गुरुवार कुणी घेईना. "तो वहिनींचा," एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. शेवटी त्या वारापुढे मी माझं नाव लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी एकही वार घेतलेला नाही. आधी परीक्षा होत्या, मग नोकरी, मग बदल्या. पूर्ण खोलीचं नूतनीकरण मी करून दिलं, पण आठवड्यातले दोन तास मला त्या खुर्चीवर बसता आलं नाही.

सातपैकी दोन नावं झाली. रविवारी खोली जाणार, यात मला शंका नाही. पुस्तकं शाळेत देतील म्हणतात. तिथे ती उघडली जातील की नाही, कोण जाणे.

वहिनी, तुम्हाला एक वचन देतो. सभेत कुणीतरी उठून म्हणणारच, की लोकांना आता वाचायला नको असतं. तेव्हा मी उभा राहीन. अहवालातलं ते वाक्य सगळ्यांसमोर वाचून दाखवीन आणि ते खोटं आहे असं सांगेन. लोकांची आवड गेली नव्हती, त्यांचा वार गेला होता, आणि तो मी काढून घेतला होता. सभेच्या इतिवृत्तात हे तसंच लिहून घ्यायला लावीन. त्यावर पगारेबाबा, दादा, आणखी कुणी मला जे बोलतील ते मान खाली घालून ऐकून घेईन. तुम्ही बोलला नाहीत, ते कुणीतरी मला बोलायला हवं.

तुमचा,
दिनू