घरच्या सर्वांकडून धाकटीला

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचा प्रभूमध्ये सलाम. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण विचारायची सोय राहिलेली नाही. तुला ताप आला नि उतरला हे मला आणि चर्चच्या चावीवाल्याला एकाच वेळी कळलं, पाळकांनी उपासनेत तुझं पत्र वाचलं तेव्हा. (चावीवाला रडला. मी नाही रडले, माझ्या हातात सगळ्यांची गाण्यांची पुस्तकं होती.) शेवटी तू लिहिलंस, घरच्या सर्वांना सलाम. घरचे सर्व म्हणजे आता मीच ना ग? म्हणून मी उठून उभी राहिले. मागच्या बाकावरच्यांना वाटलं गाणं सुरू झालं, तेही उभे राहिले.

आता चिठ्ठ्यांचं ऐक. चर्चच्या मंडळीने ठरवलं की तुझ्यासारखा बाहेर धाडलेला एकेक मिशनरी एकेका घराने वर्षभर सांभाळायचा. म्हणजे रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची, पार्सल धाडायचं, पत्र लिहायचं. वाटणी चिठ्ठ्या उचलून, दानाच्या पिशवीतून. मी कोपरं मारत सगळ्यांच्या पुढे गेले आणि मला निघाला कुठल्याशा बेटावरचा दातांचा डॉक्टर, बिनलग्नाचा. तू गेलीस चावीवाल्याकडे. मी म्हटलं बदलून दे, तर म्हणतो चिठ्ठी देवाने दिलीय. (बायकोशी वाजलं की ते सैतानाचं काम, चिठ्ठी तेवढी देवाची.) मग पाळकांना गाठलं. ते म्हणाले, "प्रभूमध्ये आपण सगळी भावंडंच आहोत, ताई." मी म्हटलं, "मग आईचं दुखणं मी एकटीनेच का काढलं?" त्यांनी चष्मा पुसायला घेतला. माणूस चांगला आहे, पण फार पुसतो.

वर मला गुरुवारच्या जेवणाला रांधायला-वाढायला लावलंय, रस्त्यावर राहणाऱ्यांना मंडळी जेवू घालते तिथे. पाळकांचं म्हणणं, हसत वाढा. मी वाढू का हसू? वाढून झालं की मीही त्यांच्यातच बसून दोन घास खाते, घरी जाऊन एकटीसाठी गॅस कोण पेटवतंय. परवा एक नवी मुलगी मदतीला आली होती. तिने मला त्यांच्यातलीच समजून अंगावर घोंगडी टाकली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि विचारलं, घरी कोणी आहे का. मी सांगणारच होते की बाई ग, तू जेवलीस ते मीच रांधलंय. पण हात उबदार होता तिचा. म्हटलं, बहीण आहे, कामात असते. घोंगडी परत करायची राहिलीच.

असो. मला इथे कशाची कमी नाही आणि बसून लिहायला वेळही नाही, म्हणून पुरे करते. तुझ्या नवऱ्याला सलाम सांग.

तुझी,
थोरली

ता. क. डॉक्टरला स्वेटर विणून धाडला. माप तुझंच पडलं, माझे हात दुसऱ्या मापाला वळत नाहीत. त्याचं दोन पानी पत्र आलं. स्वेटर बेंबीपर्यंतच येतो म्हणतो, तरी घालतो, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीय. गुणी पोरगा आहे.

आणखी ता. क. वेळ नाही म्हटलं ते खोटं. चावीवाल्याच्या हातापाया पडून हे पाकीट त्याच्या पार्सलात घातलंय. मला एकटीला एक पत्र लिही. पाळकांना वाचून दाखवता येणार नाही असं काहीतरी त्यात घाल. नवऱ्याची कागाळी कर, मंडळीला नावं ठेव. मला शिव्या घातल्यास तरी चालेल.